बंद घरांतले दिवे

त्या दिवशी काहीच घडलं नाही. नंतर वर्षाराणीने तो दिवस कितीदा तरी उलटसुलट करून पाहिला, जुनं लुगडं उन्हासमोर धरून विरलेली जागा शोधावी तसा. जागा सापडली नाही. आदल्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, झाली होती. ज्वारीच्या रानात कडब्याच्या खोपीपुढे बसून सगळ्यांनी भज्जी आणि आंबील पोटाला तड लागेपर्यंत खाल्ली होती, आणि त्या सुस्तीतच बेलखेड्यावर दुसरा दिवस उजाडला होता. आई आंबिलीचं मडकं घासत होती. अप्पा ओसरीत बसून चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळत होते. दूर परळीच्या वीजकेंद्राची धुरांडी धुक्यात अर्धी बुडाली होती आणि त्यांचा धूर कुठेच न जाता आभाळात नुसता टांगून राहिल्यासारखा दिसत होता.

वर्षाराणी अंबाजोगाईला कॉलेजात ग्रंथपाल होती. सणाला यायची, दुसऱ्या दिवशी तेलगावहून बस धरायची. त्या दिवशी तिने बस धरली नाही. कारण काही नव्हतं. भांडी पुसता पुसता वेळ गेली.

संध्याकाळी अप्पा उठले. भिंतीवरच्या खिळ्यांवरून किल्ल्या काढू लागले. भिंतभर किल्ल्या होत्या, आणि प्रत्येक किल्लीला एकेक चिंधी. ऊसतोडीला निघताना बाया आपल्याच लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून किल्लीला बांधत आणि अप्पांच्या हातात देत. हिरवी, अंजिरी, चट्ट्यापट्ट्याची, विटून पांढरी पडलेली. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन निघून जाई, कुणी सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. मागे म्हातारी माणसं उरत आणि ही भिंत उरे.

"येतीस का?" अप्पांनी विचारलं.

"येते की."

अप्पा, म्हणजे शिवलिंगप्पा, गावचे पोलीस पाटील होते. गावात कोण नवं आलं, कुणाचा बांध कुणी कोरला, हे ठाण्याला कळवणं आणि भांडण ठाण्यापर्यंत जायच्या आत ओसरीवर मिटवणं, हे कुठल्याही पोलीस पाटलाचं काम. संध्याकाळची ही फेरी मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढलेली. ते म्हणत, कुलूप लांबून दिसतं. म्हणून घर जागं ठेवायचं. एका घरात दिवा लावायचा, दुसऱ्यात चुलीत गोवरीचं खांड पेटवून धूर काढायचा, तिसऱ्याच्या अंगणात सडा टाकायचा, दोरीवर ओलं फडकं टाकायचं. आज ज्या घरात दिवा तिथे उद्या धूर. दिवे तासा-दोन तासांनी आपोआप विझत. ती जोडणी कय्युमभाईंची. बसथांब्याजवळ त्यांचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं आणि जुन्या बॅटऱ्यांचं त्यांच्याइतकं भलं कुणी केलं नव्हतं. खालच्या गल्लीची फेरी तेच करत.

मुंजाजीचं घर पहिलं. अप्पांनी कडी काढली, आत जाऊन दिवा लावला, आणि दारात उभं राहून मोठ्याने म्हणाले, "मुंजाजी, आरं शेरडू बांध की. भाजीत शिरलं बघ."

मुंजाजी तेव्हा तीन जिल्हे पलीकडे उसाच्या फडात होता आणि शेरडू त्याने दसऱ्यालाच विकलं होतं. पण बोळाच्या तोंडाशी बसलेल्या भिवराबाईने तिथूनच उत्तर दिलं, "बांधलं हो अप्पा, बांधलं. लई वंगाळ हाय ते."

वर्षाराणीला हसू आलं. ती लहान असताना ह्या फेरीला यायची तेव्हा तिला वाटे की अप्पांना खरोखरच माणसं दिसतात आणि आपल्याला दिसत नाहीत.

"एकाच माणसाचा आवाज आला तर चोराला कळत न्हाई का?" तिने विचारलं.

"म्हनून तर म्हातारी ठेवली. बिनपगारी."

"मला ऐकू येतं हं," भिवराबाई म्हणाली.

पुढे छबुबाईचं घर. नवं, विटांचं, अजून गिलावा न झालेलं. अप्पांनी चूल पेटवली, धूर वर जाऊन पत्र्याला लागला. "छबे, आज कालवण काय?" ते चुलीशी बोलले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला आणि फोनवर छबुबाईच होती. फडातून कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, परतली की ती रोज ह्याच वेळी फोन करायची.

"लावला का दिवा, अप्पा?"

"आज धूर काढलाय. तुझ्याच सैपाकघरात हुबा हाय. कालवण काय म्हनून इचारतोय तर कुनी बोलंना."

"वांगं केलंय म्हना. बसा की जेवाय."

"बसतो. वर्षी बी आलीय. दोघं बसतो."

फोनमधलं हसू त्या मोकळ्या खोलीत कितीतरी वेळ राहिलं. वर्षाराणी दाराला टेकून बघत होती. घरी अप्पा मोजकं बोलत. तिच्याशी तर पाऊसपाणी, बस, आईच्या गोळ्या, ह्यापलीकडे गाडी कधी गेली नव्हती, आणि तीही कधी पुढे ढकलायला गेली नव्हती. इथे मात्र ते ह्या घरातून त्या घरात, नसलेल्या माणसांना जेवलात का विचारत, नसलेल्या पोरांना रागे भरत चालले होते. धुरात त्यांचं पांढरं धोतर तेवढं दिसत होतं. ती मागे मागे चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी फेरीच्याच वेळी अप्पा मुंजाजीच्या ओट्यावर बसल्या बसल्या गेले. आत चूल धुमसत होती. भिंतीला डोकं टेकलेलं, काठी मांडीवर. बोळातून जाणारी माणसं "अप्पा, शरणार्थ" म्हणून पुढे जात राहिली. भिवराबाईनेच शेवटी हाक मारली, आणि हाकेला उत्तर आलं नाही तेव्हा ती चालत त्यांच्यापर्यंत गेली.

सकाळी मळ्याच्या कडेला, त्यांच्या वडलांच्या शेजारी, विभूती आणि बेलाची पानं टाकून त्यांना बसवून समाधी दिली. गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवलं. माती भरेपर्यंत ते ओट्यावर बसल्यासारखेच दिसत होते.

त्या संध्याकाळी सगळे अंगणात आडवेतिडवे बसलेले असताना अप्पांचा फोन वाजला. तो वर्षाराणीच्या हातात होता. कुणी दिला, कधी दिला, तिला आठवत नव्हतं.

"अप्पा?" पलीकडून छबुबाई म्हणाली. आवाज बसलेला होता. सर्दी असेल, असं वाटलं.

"मी वर्षा."

मग, "अप्पा कुठायत गं?"

"फेरीला गेलेत, मावशी," वर्षाराणी म्हणाली.

वाक्य तोंडातून असं निघालं जसं पुस्तक मागणाऱ्याला आपण बघायच्या आधीच म्हणतो, बाहेर गेलंय. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग छबुबाई म्हणाली, "बरं. दिवा लावला का?"

"लावतेय."

आणि लावतेय म्हटलं म्हणून ती उठली, भिंतीवरून किल्ल्या काढल्या आणि गेली. कुणी विचारलं नाही. मयताच्या घरात कोण कुठे जातं हे कुणी विचारत नसतं.

असं रोज झालं. रोज फोन यायचा, रोज अप्पा फेरीला गेलेले असायचे, आणि मग वर्षाराणीला फेरीला जावं लागायचं. तिला ते जड गेलं नाही. उलट दिवसातली तेवढीच वेळ तिला पायाखाली जमीन लागायची. घरात बायका येऊन गळ्यात पडत, "बाई, अप्पा गेले गं," म्हणत, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवी. ते शब्द तिच्या कानात शिरत आणि तिथेच बसून राहत. तिच्या तोंडून ते एकदाही निघाले नव्हते. कॉलेजला रजा कळवताना तिने लिहिलं, घरी अडचण आहे.

शिवगणाराधनेच्या, अप्पांच्या नावाच्या जेवणाच्या दिवशी स्वामी येऊन गेले, पंगती उठल्या. दुपार कलली तेव्हा अंगणातल्या निंबाखाली घरचीच माणसं उरली. विश्वनाथकाकाही आले होते. विहिरीच्या वाटणीनंतर ते ह्या अंगणात बसले नव्हते. आता खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेऊन असे बसले जणू मधे काही झालंच नाही. परळीची महानंदा आत्या खांबाला टेकून पाय चोळत होती. संगमेश्वर, वर्षाराणीचा थोरला भाऊ, पुण्याहून आल्यापासून उभाच होता. आईच्या कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे होते.

ठाण्याचे हवालदार गहिनीनाथ पंगतीला आले होते, तेही थांबले. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "अप्पांच्या गावाचा तक्रारीचा कागदच आमच्याकडं येत न्हवता. साहेब नवे आले की इचारायचे, बेलखेडा नावाचं गाव खरंच हाय का?"

काका हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "आता पद घरात ऱ्हायलं पायजे."

"पद वारसानं मिळत न्हाई काका," हवालदार म्हणाले. "जाहिरात निघंल, परीक्षा हुईल, प्रांतसाहेब नेमतील. तवर पदभार शेजारच्या गावच्या पाटलाकडं. पर माजं काम येगळं हाय. त्या किल्ल्या."

सगळ्यांनी ओसरीकडे पाहिलं. उन्हाची तिरीप भिंतीवर होती आणि चिंध्या हलत होत्या.

"त्या ठाण्यात जमा करा ना," संगमेश्वर म्हणाला.

"आमच्याकडं कोणत्या नियमात घेऊ? एक गाडी, दोन माणसं, आन् समदी गावं. आमी रस्त्यानं दिवा फिरवत जातो, साहेब. घरात दिवा लावायला कवा यावं?"

"मग ज्याच्या त्याला कळवून मोकळं व्हायचं. ज्याला ज्याच्यावर भरवसा असेल त्याच्याकडे किल्ली जाईल." संगमेश्वर बहिणीकडे वळला. "उद्या कुणाचा तांब्याचा हंडा गेला तर नाव आपलं येणार. आई माझ्यासोबत पुण्याला येतेय. तू अंबाजोगाईला. इथे बसणार कोण?"

वर्षाराणी म्हणाली, "मार्चअखेर लोक येतीलच."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत आहेत की दिवे."

"दिवे आहेत म्हणजे? लावतंय कोण?"

"ही लावती," महानंदा आत्या म्हणाली. "भिवराबाईनं सांगितलं मला. रोज जाती. सुतकातली लेक लोकांच्या घरात शिरती, त्यांच्या देवापुढनं फिरती. आवं, लोक काय म्हनतील?"

"कसलं सुतक?" विश्वनाथकाका एकदम ताठ झाले. "गळ्यात लिंग असताना सुतक कसलं, महानंदा? आपल्याला न्हाई ते. आपली मानसं मातीत बसून शिवाला मिळत्यात. इटाळ कशाचा धरतीस?"

"आपल्याला नसंल. ज्याचं घर हाय त्याला हाय ना. वंजाऱ्याचं घर, मांगाचं घर, मराठ्याचं घर. त्यांनी किल्ली शिवलिंगअण्णाला दिलती. सुतकातल्या लेकीला न्हाई दिली."

"धरम आपला पाळायचा का त्यांचा?"

"किल्ली कुनाची हाय, त्याचा."

हवालदारांनी टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. त्यांना गंमत वाटत होती, पण जागा हसायची नव्हती.

काकांनी वर्षाराणीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूच सरकलं. पोरगी फेरी करतेय. म्हणजे गावाला सवय लागतेय. उद्या जाहिरात निघाली, तर बाईमाणसालाही पोलीस पाटील होता येतं, आणि पोरगी शिकलेली. त्यांचा धाकटा तर दोनदा बारावीला बसला होता. हे सगळं एका जांभईएवढ्या वेळात त्यांच्या मनात फिरून आलं. मग ते म्हणाले, "तसं म्हनशील तर महानंदाचं बी खोटं न्हाई. लोकाच्या मनाचा इचार केला पायजे. किल्ल्या माज्याकडं द्या. माजा ओंकार बघंल."

"आत्ता तर म्हनलास सुतक न्हाई," आत्या म्हणाली.

"मला न्हाई. लोकाला हाय. तूच म्हनलीस."

"ओंकार बघंल म्हनं. ओंकारला सकाळी हलवून उठवावं लागतं."

"तुजी पोरं लई दिवे लावायलीत."

"काका," संगमेश्वर म्हणाला, "आपल्या घरात किल्ल्या नकोत एवढंच माझं म्हणणं. तुमच्या घरात असल्या तरी आडनाव एकच."

असा डाव बघता बघता फिरला. मघाशी नुसते वर्षाराणीच्या विरोधात असलेले संगमेश्वर आणि आत्या आता काकांच्याही विरोधात होते, काका कुणाच्याच बाजूला नव्हते, आणि सगळ्यांची एकाच गोष्टीवर सहमती होती की वर्षाराणीकडे किल्ल्या नकोत. ती हे सगळं लांबून ऐकत होती. पाण्याखाली डोकं घातल्यावर काठावरची माणसं ऐकू येतात तसं. निंबाची सावली अंगण ओलांडून ओसरीला लागली होती. आता फोन येईल, तिला वाटलं, आणि त्या वाटण्याने छातीत काहीतरी निवांत झालं.

"वर्षे," आई म्हणाली. सकाळपासूनचा तिचा हा पहिला शब्द. "तुला का ठेवायच्यात त्या?"

सरळ प्रश्न होता. वर्षाराणीने आजवर खूप वाचलं होतं आणि अशा प्रश्नांना माणसं काय काय उत्तरं देतात तेही वाचलं होतं. तिला एकही आठवलं नाही.

"कळवलं की संपेल," ती म्हणाली.

"काय संपंल?"

तेव्हाच फोन वाजला. तो ओट्याच्या कडेवर होता, संगमेश्वरच्या हाताशी. त्याने उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"अप्पा?" छबुबाईचा आवाज निंबाखाली आला. मागे कुणीतरी बैलांना हाकारत होतं, पातेलं आपटल्याचा आवाज आला.

संगमेश्वरने तोंड उघडलं. वर्षाराणी उठली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "फेरीला गेलेत, मावशी. दिवा लावते आता."

"बरं माय. जेवलीस का?"

"जेवले."

"जेवत जा." फोन बंद झाला.

आत्याचा पाय चोळणारा हात थांबला. काका टॉवेलाकडे बघत राहिले. एका माणसाची आराधना आज झाली होती, सगळे त्याच्या नावाने जेवले होते, आणि त्याच्या लेकीने त्यांच्यासमोर सांगितलं होतं की तो फेरीला गेलाय.

"हे रोज?" संगमेश्वरने विचारलं. त्याचा आवाज आता पुण्याचा राहिला नव्हता. "वर्षे, रोज असंच सांगायलीस?"

तिने मान हलवली.

"अगं, त्यांच्या घराचा प्रश्न हाय हा. त्या बाईला वाटतंय, अप्पा राखायलेत. तू तिला फसवायलीस."

"दिवा तर लागतो ना."

"दिव्याचं न्हाई बोलत मी."

"मग कशाचं बोलतोस?" ती शांतपणे म्हणाली. संगमेश्वर तिच्यापेक्षा मोठा होता, पण त्या क्षणी तो फाटकाशी उभा राहून बापाची वाट बघणाऱ्या पोरासारखा दिसला. त्याने चेहरा पुसला.

फाटकाशी खरंच कुणीतरी उभं होतं. कय्युमभाई. हातात बॅटरीचा डबा, दाढीला ग्रीसचा डाग. ते रोज ह्या वेळी खालच्या गल्लीच्या किल्ल्या न्यायला येत. मागे त्यांची बायको अमीरबी झाकलेलं पातेलं घेऊन उभी होती. मातमाच्या घरी चूल उशिरा पेटते म्हणून ती रोज काहीतरी बिनकांद्याचं करून आणत होती.

"आत या, भाई," आई म्हणाली.

कय्युमभाई आले आणि उकिडवे बसले. त्यांनी फोनचं ऐकलं होतं, हे त्यांच्या न बघण्यावरून कळत होतं.

"तुमीच सांगा हिला," संगमेश्वर म्हणाला. "छबुबाईला कळवायला पाहिजे का नको?"

कय्युमभाईंनी डब्याची तार सरळ केली. मग म्हणाले, "काय कळवायचं, भय्या?"

"अप्पांचं."

"तिला म्हाईत हाय."

वर्षाराणीने वर पाहिलं.

"बेटा, आजकाल कुनाचं लपतंय? तुमी लोक मळ्यातून आले बी नसाल, तवा अप्पाचा फोटो समद्यांच्या मोबाइलवर गेलता, हार घातलेला. छबुबाईनं मला फोन केला. लई रडली. मुंजाजी रडला. ज्या ज्या कोपीत बेलखेड्याचं मानूस हाय, तिथं त्या दिवशी चूल न्हाई पेटली. मुकादमाला म्हनाले, काय बी कर, आज आमी कोयता धरत न्हाई."

"मग ती रोज विचारते कशाला?" हे आत्या बोलली.

"पैल्या सांजेला तिनं फोन केला तो ह्यांना धीर द्यायला. अप्पांचाच नंबर तिच्याकडं. तोंडात सवयीनं अप्पा आलं. ही म्हनली, फेरीला गेलेत." कय्युमभाईंचा आवाज हळू झाला. "तिनं मला लगेच फोन केला. म्हनली, कय्युमभाई, आता मी काय करू? मी म्हनलो, सांगून टाक की. ती म्हनली, लेक घर जागं ठिऊन बसलीय. मी तिचा दिवा कशाला इझवू? तिच्या तोंडून निघंल तवा निघंल. तवर मी रोज हाक मारीन."

निंबाची पानं हलायची थांबली होती. की ती मघापासूनच हलत नव्हती, वर्षाराणीला कळेना. तिला वाटलं, आपण एका घरात बसलो आहोत आणि बाहेरून कुणीतरी रोज संध्याकाळी येऊन कडी काढतंय, आत दिवा लावतंय, आपलं नाव घेऊन जेवलीस का विचारतंय. आणि आपल्याला वाटत होतं की दिवे आपण लावतोय.

हवालदार गहिनीनाथ उठले, टोपी घातली. "किल्ल्यांचं मग बघू," ते पुटपुटले, आणि कुणाला नमस्कार न करता, जणू झोपलेल्या घरातून, हळूच बाहेर पडले.

"सुतकाचं काय म्हनली ती?" आत्याने थोड्या वेळाने विचारलं. तिला राहवलं नाही.

"म्हनली, अप्पांनी लावला काय, लेकीनं लावला काय. आमचे देव अंधारात बसले तर त्यांना चालंल व्हय?"

आत्याने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाली, "तिचं घर हाय. तिला चालतंय, तर माजं काय जातंय."

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "ओंकारला सकाळी उठवावं लागतं, हे खरं हाय," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले.

संगमेश्वर बहिणीशेजारी येऊन बसला. आल्यापासून पहिल्यांदाच बसला. "पण तू कळवलंस तर त्या किल्ल्या मागूही शकतात," तो म्हणाला. आता त्यात भांडण नव्हतं. "मुंजाजीचा मेव्हणा तेलगावात आहे. दुसऱ्यांचीही कुणी ना कुणी आहेत. अप्पा होते म्हणून दिल्या होत्या."

"माहितीय."

"उद्या भिंत रिकामी झाली तर?"

"होऊ दे," वर्षाराणी म्हणाली. "विचारायला तर पाहिजे. किल्ल्या त्यांच्या आहेत."

आई उठली. चिमूटभर विभूती घेऊन लेकीच्या कपाळाला लावली, आणि हात काढायच्या ऐवजी तो तिच्या गालावर तसाच ठेवला. "ऐक बाई," ती म्हणाली. "मी रोज बघते तू जाताना. मला बी वाटायचं, ते पुढं गेलेत, तू मागं चाललीस. म्हनून मी तुला आडवलं न्हाई. मला बी लागत हुतं ते." तिने डोळे पुसले नाहीत. "पर आता छबू दमत असंल. दिसभर ऊस तोडायचा आन् सांजेला असं बोलायचं. किती दिस बोलावं तिनं?"

अमीरबीने पातेलं ओसरीत ठेवलं. दिवस मळ्याच्या मागे उतरत होता आणि सगळं अंगण तांबूस, जरा धूसर झालं होतं, कुणीतरी लांब गोवऱ्या पेटवल्यासारखं.

वर्षाराणीने फोन घेतला. छबुबाईचं नाव अप्पांनी नुसतं "छबी" असं लिहून ठेवलं होतं. तिने ते दाबलं. पलीकडे घंटी वाजत राहिली. तिला दिसलं, कुठल्यातरी अनोळखी रानात, पाचटाच्या कोपीपुढे एक बाई भाकरीचे हात पदराला पुसत फोन शोधतेय.

"काय गं, वर्षे?" छबुबाईने ह्या वेळी अप्पांना हाक मारली नाही.

वर्षाराणीने काही बोलायच्या आधी श्वास घेतला. तिच्या मागे तिचं सगळं घर बसलेलं होतं. छबुबाई वाट बघत होती. तिच्यामागचा बैलांचा, भांड्यांचा आवाजही हळूहळू बंद होत गेला. कोपीवरच्या माणसांनाही कळलं असावं.

"मावशी," ती म्हणाली. मग थांबली. शब्द तिथेच होते, आणि आता ते जड नव्हते, नुसते तिचे होते.

"मावशी, माझे अप्पा गेले."